उद्यमनगरात माझ्या गाडीचा बेंड पाइप घडवणाऱ्या मेस्त्रींना अनावृत आभारपत्र

कोल्हापूर

आदरणीय मेस्त्रीकाका,

सादर नमस्कार.

तुमचे नाव कुठेही येऊ नये, अशी तुमची इच्छा असल्याने ते येथे लिहीत नाही. तरीही शिवाजी उद्यमनगरातील तुमच्या दुकानात माझ्या गाडीसाठी जे काम झाले, त्याचे आभार चार लोकांसमोर मानावेत आणि ते काम नेमके काय होते हेही सांगावे, असे मनापासून वाटत होते. डर्ट बाइकला खालच्या फेऱ्यांत, म्हणजे इंजिन सावकाश फिरत असताना, ओढ मिळावी म्हणून एक्झॉस्ट, म्हणजे जळका वायू बाहेर नेणारा बेंड पाइप आणि सायलेन्सर, बदलायचा, एवढे अनेकजण ठरवतात. पण त्या पाइपात नेमके काय घडते हे समजावून सांगत, आधी माप आणि मग कापणी या क्रमाने काम करणारा कारागीर फार थोड्यांना लाभतो.

जोतिबाच्या डोंगराच्या बाजूला आमच्या घरचा मुरमाड माळ आहे आणि तेथे आम्ही काही मित्रमैत्रिणी सराव करतो. माळाच्या टोकाच्या चढावर सुटा मुरूम, मधूनच डोके वर काढणारे दगड आणि पावसाळ्यात चाकाला लपेटून बसणारी तांबडी माती असते. तेथे गाडीला वेग नसतोच. इंजिन बहुतेक वेळ मिनिटाला 3000 ते 4500 फेऱ्यांत राहते. माझी गाडी 2019 सालची, कार्बोरेटरची हीरो एक्सपल्स 200. तिचा सर्वाधिक टॉर्क (फिरवण्याचा जोर), सुमारे 17 न्यूटन-मीटर, 6500 फेऱ्यांना मिळतो, आणि रस्त्यावरच्या वापरासाठी ही आखणी योग्यच आहे. आमच्या चढावर मात्र थ्रॉटल उघडल्यावर इंजिन क्षणभर घुटमळत असे, आणि क्लच अर्धवट दाबून फेऱ्या वाढवल्या की मागचे चाक एकाएकी सुटून मुरूम उडवत जागच्या जागी फिरत असे. मला हवी होती ती या घुटमळण्याच्या जागी हळूहळू वाढत जाणारी ओढ. वरचा वेग वाढवण्याचा माझा विचार नव्हता.

तुमच्याकडे आले तेव्हा माझा भाऊ सोबत होता, पण गाडी कोण चालवते हे एकदा विचारून घेतल्यावर तुम्ही पुढचे सगळे प्रश्न मला विचारलेत. गाडी कोणत्या गिअरमध्ये अडते, अडताना आवाज कसा बदलतो, थ्रॉटल पाव उघडा असतो की अर्धा, सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो का, टायरमध्ये हवा किती ठेवतेस, अशी तुमची चौकशी बराच वेळ चालली. त्यानंतर पाइपाला हातही न लावता तुम्ही पुढच्या स्प्रॉकेटचा (साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकाचा) एक दात कमी करून चढावर जाऊन यायला सांगितलेत. गाडीत खरोखर ताकद कमी आहे की चढाच्या मानाने गिअर लांब आहे, हे आधी कळले पाहिजे आणि त्यासाठी स्प्रॉकेटइतका स्वस्त उपाय दुसरा नाही, हे तुमचे म्हणणे होते. त्याने फरक पडला. चाकाशी पोहोचणारा जोर वाढला, पण 3500 च्या आसपासचे घुटमळणे तसेच राहिले, कारण दात कमी केल्याने इंजिनच्या श्वासात काही बदल होत नाही. पैसे मिळवून देणारे मोठे काम समोर असताना गिऱ्हाइकाला आधी स्वस्त उपायाकडे पाठवणे, याबद्दलचे आभार मी सर्वांत आधी मानते.

त्यानंतर तुम्ही जे समजावलेत ते मी येथे माझ्या शब्दांत लिहिते, म्हणजे ज्यांच्या गाड्या अशाच अडतात त्यांनाही त्याचा उपयोग होईल. चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन तळाला पोहोचण्यापूर्वीच एक्झॉस्ट व्हॉल्व उघडतो आणि दाबाची एक लाट पाइपातून धावू लागते. वायू तापलेला असल्याने या लाटेचा वेग हवेतल्या आवाजाहून बराच जास्त, सेकंदाला सुमारे 550 मीटर असतो. पाइप जेथे एकदम रुंद होतो किंवा संपतो तेथून ती, विहिरीत दिलेली हाक परतावी तशी मागे फिरते. मात्र परतताना तिचे स्वरूप उलटते आणि दाबाची लाट ओढीची होऊन येते. पिस्टन वरच्या टोकाशी असताना क्षणभर दोन्ही व्हॉल्व उघडे असतात. नेमक्या त्या क्षणी ही ओढीची लाट व्हॉल्वपाशी पोहोचली, तर सिलिंडरमध्ये उरलेला जळका वायू बाहेर खेचला जातो आणि त्याच्या मागोमाग हवा-पेट्रोलचे ताजे मिश्रण आत येते. त्याच क्षणी दाबाची लाट आली तर सगळे उलटे होते, जळका वायू आत ढकलला जातो आणि इंजिन घुटमळते.

मग तुम्ही खडूने फरशीवर हिशेब मांडलात. मिनिटाला 4000 फेऱ्या म्हणजे एका फेरीला 15 मिलिसेकंद. एक्झॉस्ट व्हॉल्व उघडल्यापासून दोन्ही व्हॉल्व उघडे असण्याच्या क्षणापर्यंत क्रँक (पिस्टनने फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) साधारण 240 अंश फिरतो, म्हणजे हातात 10 मिलिसेकंद. तेवढ्या वेळात लाट साडेपाच मीटर जाते, आणि जाऊन परत यायचे असल्याने पाइप पावणेतीन मीटर लांब हवा. गाडीच मुळी सव्वादोन मीटरच्या आसपास! मी गोंधळले तेव्हा तुम्ही या हिशेबातली खरी गंमत सांगितलीत. लाट एकदा येऊन थांबत नाही, ती व्हॉल्व आणि पाइपाचे तोंड यांच्यामध्ये ये-जा करत राहते आणि प्रत्येक खेपेला थोडी क्षीण होते. पहिल्या खेपेला ती ओढीची, दुसऱ्या खेपेला दाबाची आणि तिसऱ्या खेपेला पुन्हा ओढीची असते. तेव्हा तिसरी खेप पकडायची, म्हणजे पावणेतीन मीटरचा तिसरा हिस्सा, 90 सेंटीमीटरहून थोडा अधिक. एवढा पाइप वळणे देऊन गाडीवर बसतो. कमी फेऱ्यांसाठी पाइप लांब का लागतो आणि जास्त फेऱ्यांसाठी आखूड का, याचे उत्तर मला त्या फरशीवर मिळाले.

व्यासाबद्दलही तुम्ही एक गैरसमज दूर केलात. खालच्या ओढीसाठी बॅक प्रेशर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूला अडवणारा उलटा दाब, लागते, असे वर्षानुवर्षे बोलले जाते. तुमचे म्हणणे होते की वायूला अडवून कोणत्याच इंजिनचे भले होत नाही. हवा असतो तो वायूचा वेग. कमी फेऱ्यांना वायू कमी निघतो, तो फार रुंद पाइपात शिरला की मंदावतो आणि परत फिरायला त्याला वाव मिळतो, तर बेताच्या अरुंद पाइपात तोच वायू वेगाने पुढे जातो. म्हणून सव्वा इंची पाइप निवडलात आणि शेवटी सायलेन्सरकडे जाताना तो एकदम रुंद न करता लहानसा शंकू दिलात, कारण शंकूमुळे परतणारी लाट थोडी पसरते आणि फायदा एकाच आकड्याला अडकून न राहता अधिक फेऱ्यांना मिळतो.

प्रत्यक्ष घडणीबद्दल किती लिहावे तेवढे थोडेच आहे. पाइपाची लांबी ठरवताना धरलेले तापमान संपूर्ण पाइपात सारखे नसते, त्यामुळे हिशेबावर पूर्ण विसंबायचे नाही, असे सांगून तुम्ही आधी साध्या लोखंडी पाइपाचा चाचणीचा नमुना केलात. त्यात वाळू ठासून भरलीत, दोन्ही तोंडे बुजवलीत आणि गॅसच्या ज्योतीवर लालभडक करून वळवलात, म्हणजे वळणावर पाइप चपटा होत नाही. वाळू आधी कढईत भाजून कोरडी केलीत, कारण ओल राहिली तर वाफ होऊन बूच बंदुकीच्या गोळीसारखे उडते, आणि त्या वेळी दुकानातल्या सगळ्यांना, मलाही, बाजूला उभे केलेत. नमुन्याच्या मधोमध सरकती स्लीव्ह (वरून बसणारी नळी) ठेवलीत, क्लॅम्प सैल करून पाइप लांब-आखूड करता यावा म्हणून. माळावर आम्ही ती सरकवत गेलो आणि सर्वांत चांगला परिणाम हिशेबाच्या अगदी जवळ मिळाला. त्यानंतर अंतिम पाइप 304 स्टेनलेसचा झाला. तयार वळणांचे तुकडे कापून, जोडाच्या कडा कागदही न शिरावा इतक्या जुळवून, आर्गॉन वायूच्या वेल्डिंगने जोडलात आणि जोडताना पाइपाच्या आतही आर्गॉन सोडलात, म्हणजे आतल्या बाजूला जोड जळून खरखरीत होऊ नये. पाइपाच्या आत कोणी डोकावत नाही, पण वायू तेथूनच जातो, म्हणून आतला जोड बाहेरच्यापेक्षा साफ हवा, हा तुमचा आग्रह मी कायम लक्षात ठेवीन.

आवाजाबाबतची तुमची भूमिका मला सर्वांत जास्त भावली. मी दुकानात बसलेली असतानाच दोन मुले सायलेन्सरची पुंगळी (आवाज दाबणारी आतली नळी) काढून मागायला आली होती. तुम्ही त्यांना रागावला नाहीत, पण काम घेतलेही नाहीत. पुंगळी काढल्याने ताकद वाढत नाही, उलट पाइपाची जुळवलेली लांबी आणि मिश्रण दोन्ही बिघडते आणि खालची ओढ जाते, हे त्यांना समजेल अशा भाषेत सांगितलेत. माझ्या गाडीसाठी तुम्ही छिद्रांची नळी आणि तिच्याभोवती काचेची लोकर असलेला लांब सायलेन्सर केलात. त्याचा आवाज घोगरा आणि बेताचा आहे. माळाशेजारच्या गोठ्यातली जनावरे त्याने बुजत नाहीत, ही माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. मूळ एक्झॉस्ट कापायला तुम्ही ठाम नकार दिलात. नवा संच फक्त खासगी माळावर वापरायचा, माळावर गाडी टेम्पोतून न्यायची, आणि रस्त्यावर आणायची असेल तेव्हा मूळ संच बसवायचा, ही अट घालूनच काम हाती घेतलेत. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चे निर्बंध आहेत. आवाज आणि धुराची मर्यादा मोडल्यास कलम 190(2) नुसार 10,000 रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने परवाना गमावण्याची वेळ येऊ शकते. ही माहिती तुम्ही कामाआधीच दिलीत.

पाइप बसला म्हणजे काम संपले असे तुम्ही मानले नाहीत. वायू मोकळा निघू लागल्याने मिश्रणात पेट्रोल कमी पडणार, हे ओळखून कार्बोरेटरच्या सुईखाली बारीक वॉशर घालून ती किंचित उचललीत आणि पायलटचा स्क्रू (थ्रॉटल जेमतेम उघडा असतानाचे मिश्रण ठरवणारा) नव्याने लावलात. सिलिंडरशी पाइप जोडतो तेथे तांब्याची नवी गॅस्केट घातलीत, कारण तेथून हवा आत ओढली गेली तर थ्रॉटल सोडताच फटफट सुरू होते आणि दोष मात्र कार्बोरेटरचा समजला जातो. चढावर गाडी ओढून आणल्यावर प्लग काढून त्याचा रंग पाहायला शिकवलेत. पांढरा असेल तर पेट्रोल कमी, काजळी असेल तर जास्त, फिकट तपकिरी असेल तर ठीक. आता मी हे स्वतः करते.

निकालाबद्दलही तुमची शिस्त पाळूनच लिहिते. जुना आणि नवा संच एकाच दिवशी, टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून, चढाच्या पायथ्याशी आणि माथ्याशी खुंट्या ठोकून, त्याच गिअरमध्ये तपासायचा, असे तुम्ही सांगितले होते. जेथे पूर्वी पहिला गिअर लावूनही क्लच वापरावा लागे, तेथे आता गाडी दुसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटलच्या आधारावर सरळ चढते. घुटमळणे गेले आहे, आणि ओढ एकदम न येता वाढत येत असल्याने मागचे चाकही पूर्वीसारखे सुटत नाही. त्याच्या बदल्यात 7500 फेऱ्यांच्या वर गाडी आधीसारखी धावत नाही. ही किंमत मोजावी लागेल हे तुम्ही आधीच सांगितले होते, आणि आमच्या माळावर ती काहीच नाही. ज्यांना सपाट मैदानावर वेगाने पळवायची आहे, त्यांनी मात्र हा पाइप करून घेऊ नये, असे मी माझ्या मित्रांना स्पष्ट सांगते.

तुम्ही बिलात पाइप, गॅस, आर्गॉन आणि मजुरी एवढेच लावलेत; समजावण्यात गेलेल्या वेळाचे काहीच घेतले नाहीत. त्याची परतफेड करण्याची एक वाट मला सुचली आहे. फरशीवर खडूने लिहिलेले हिशेब धुऊन जातात. तुम्ही परवानगी दिलीत तर मी येऊन वहीत ते नीट उतरवून घेईन, आकृत्या काढीन आणि ती वही दुकानातच ठेवीन, म्हणजे तुमच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलांना ती वापरता येईल. पॉलिटेक्निकमधल्या माझ्या दोन मैत्रिणींनाही वाळू भरून पाइप वळवण्याचे काम पाहायचे आहे. पावसाळा संपला की सायलेन्सरमधली काचेची लोकर बदलायला गाडी घेऊन येणारच आहे, तेव्हा त्यांना सोबत आणले तर चालेल का, ते कळवावे.

घरातील सर्वांना नमस्कार सांगावा.

आपली कृतज्ञ,
एक्सपल्सवाली