माई, फोन मधेच ठेवला म्हणून

जत, रविवार

चि. माई हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन मी मधेच ठेवला. आवाज चढला होता आणि तुझी आई समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. नंतर दोन वेळा तुझा फोन आला तो मुद्दाम घेतला नाही, कारण घेतला असता तर तेच पुन्हा झालं असतं. म्हणून लिहितोय. धाकटी याचे फोटो काढून तुला पाठवेल.

आधी चांगलं लिहितो. तिकडे ऑस्ट्रेलियात सिम्पसन वाळवंट पार करताना शॉकअपचं काम तू केलंस, ते मी गॅरेजवर येईल त्याला सांगतोय. मागचा डावा शॉकअप दांड्यातून तुटला, खालचा अर्धा भाग लोंबकळत ॲक्सलवर आपटत होता, आणि तू वाळूत जॅक लावलास. जॅकखाली फळी घातलीस. ती नसती तर जॅक वाळूत गेला असता आणि गाडी जागची हलली नसती. चाक काढलंस, खालचा बोल्ट सोडवलास, हे मी समजू शकतो. आपल्या पोरांनाही ते जमतं. पण त्यानंतर सामान बांधायचा पट्टा घेऊन ॲक्सल चेसीला बांधलास, हे तुला कोणी शिकवलं? शॉकअप नुसते धक्के खात नाही, ॲक्सल किती खाली लटकायचा तेही तोच धरून ठेवतो. तो निघाला की टेकडीच्या माथ्यावर चाक हवेत सुटतं, कॉइल स्प्रिंग जागेवरून उडते, ब्रेकचा पाइप ताणून तुटतो. वर्षानुवर्षं काम केलेल्या मेस्त्रीच्याही हे पटकन ध्यानात येत नाही. तुझ्या आलं. हे वाचताना मला कसं वाटलं ते लिहिता येत नाही.

तू आठवीत होतीस तेव्हाची गोष्ट. वडापच्या जीपचं पुढचं बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन मी तुझ्या हातात द्यायचो. तू ते कानाशी धरून बोटाने फिरवायचीस, डोळे मिटून. एकदा मी ते बरं आहे म्हणून ग्रीस भरायला घेतलं तर तू म्हणालीस, नाना, हे एका जागी अडकून बोलतंय. पुसून पाहिलं तर आतल्या एका गोळीवर खरंच खवला निघालेला. तेव्हा तुझी आजी म्हणाली, पोरीच्या जातीला काळे हात कशाला. मी काही बोललो नाही, पण त्या दिवसापासून तुझ्यासाठी वेगळा पाना आणून ठेवला. चौदा-पंधराचा. तो अजून त्याच खिळ्याला आहे.

आता शॉकअप तुटला का, तर तो त्या टेकड्यांवर तुटलेलाच नाही. तो आधीच मेला होता. तुम्ही उडनाडट्टावरून डलहौसीच्या झऱ्यांपर्यंत ज्या रस्त्याने आलात तो सगळा पन्हाळी पत्र्यासारखा आहे असं तूच सांगितलंस. अशा रस्त्यावर तासन् तास बारीक हादरे बसले की शॉकअपमधलं तेल तापतं, त्याला फेस येतो, सील जातं. हाताला चटका बसेल इतकी नळी तापते. तिथे थांबून हात लावून बघायला हवं होतं, चाकातली हवा थोडी कमी करून वेग उतरवायला हवा होता. तुम्ही हवा उतरवली ती पर्नी बोअरच्या पुढे, वाळू लागल्यावर. पंधरा-सोळावर आणली ते बरोबरच, त्याशिवाय अकराशेच्या वर टेकड्या चढून जाता येत नाहीत. पण तेवढ्या हवेवर उतारावर आडवं वळण घेतलं की टायर रिमवरून उतरतो, आणि तो तुमच्या दुसऱ्या गाडीचा उतरलाच. आणखी एक. तिथल्या त्या काटेरी गवताचं बी रेडिएटरच्या जाळीत भरतं, गाडी तापते. तेच गवत खाली सायलेन्सरपाशी अडकलं की पेटतं, त्यात राळ असते. दर थांब्याला खाली वाकून ते काढायचं. काढत होतीस का? विचारायचं राहून गेलं.

हे सगळं तुला ठाऊक आहे. मी शिकवणीच लावली की. राग मानू नकोस. मेस्त्री म्हातारा झाला की त्याच्याकडे गाड्या कमी येतात आणि बोलणं जास्त होतं.

पण माई, गाडी सोडून तू चालत का गेलीस?

तो फोटो तू मोठ्या कौतुकाने पाठवलास. लाल वाळू आणि तिच्यावर एकाच माणसाच्या पावलांची रांग. धाकटी म्हणाली, किती छान आलाय. मी तो मोठा करून पाहिला तर पाऊल तुझं. डावं पाऊल थोडं बाहेर पडतं, ते मी कुठेही ओळखेन. तेव्हा तुला विचारलं आणि तू सरळ सांगितलंस की पुढची गाडी वायरलेसवर ऐकत नव्हती म्हणून हातातला सेट घेऊन टेकडीच्या माथ्यावर गेले. तिथूनही लागेना म्हणून पुढच्या टेकडीवर गेले. मग आणखी एक. हातात पाण्याची एक बाटली. सॅटेलाइट फोन पुढच्या गाडीत. आणि तुझी मैत्रीण सुजलेला पाय घेऊन गाडीपाशी एकटी.

तू म्हणालीस, नाना, जुलै होता, वीस डिग्री होतं, कोणी मरत नाही. ऊन नव्हतं हे मान्य. पण जुलैत तिथे रात्री पारा शून्याजवळ जातो हेही तूच सांगितलं होतंस, आणि तुझं जॅकेट गाडीत होतं. त्या टेकड्या एकीला एक समांतर, शेकडो मैल एकसारख्या. दोन टेकड्यांमधल्या सखल जागेत उतरलं की गाडीवरचा झेंडासुद्धा दिसत नाही. तो झेंडा जमिनीपासून साडेतीन मीटर उंच लावायचा नियम तिथे मुळात त्यासाठीच आहे, की समोरून चढणाऱ्या गाडीला माणूस नाही तर निदान झेंडा दिसावा. मग चालणारं माणूस कोणाला दिसणार?

फोनवर मी काकाचं नाव काढलं नाही. इथेही काढणार नव्हतो.

जावईबापूंनी धीर द्यायला म्हणून मला तिथली माहिती वाचायला पाठवली आणि मी सगळी वाचली. फ्रेंच लाइन म्हणजे 1960च्या दशकात फ्रेंच पेट्रोलियम कंपनीने तेल शोधायला वाळूतून सरळ कापलेली वाट. तेल मिळालं नाही, वाट राहिली. त्याच्याही आधी 1962 साली रेग स्प्रिग नावाचे भूगर्भशास्त्रज्ञ बायको आणि दोन मुलांना गाडीत घालून ते वाळवंट पार करून गेले, गाडीने जाणारे ते पहिलेच. हे वाचून मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. त्यांनाही कोणी तरी म्हणालंच असेल की लेकरांना घेऊन कुठे निघालात. आणि त्यांच्याही कितीतरी आधी वांगकांगुरू लोक तिथेच राहत होते. वाळूत हाताने खोल, अरुंद विहिरी खणून. 1900च्या सुमारास ते तिथून बाहेर पडले. त्यांना चालता येत होतं, कारण पाणी कुठे आहे ते त्यांना आईच्या दुधापासून ठाऊक होतं. आपल्याला नाही. तुला नाही.

त्याच माहितीत दुसरंही होतं. 1963च्या डिसेंबरात, नाताळच्या सुमारास, बर्ड्सव्हिलच्या रस्त्यावर एक कुटुंब रस्ता चुकलं. गाडीतलं पेट्रोल संपलं. ते गाडी सोडून निघाले. आई, बाप, मुलं, पाचही जण गेले. शोधणाऱ्यांना आधी गाडी सापडली. त्या भागात उन्हाळ्यात कोणी जाऊ नये म्हणून आता डिसेंबरपासून मार्चच्या मध्यापर्यंत वाळवंटच बंद ठेवतात, ते उगाच नाही.

आधी गाडी सापडली. हे वाचलं आणि पुढचं वाचलंच नाही.

काकाचा ट्रकही आधी सापडला होता. तू तेव्हा पोटात होतीस, तुला जे ठाऊक आहे ते आजीच्या रडण्यातून आलेलं. आजीने कधी पूर्ण सांगितलं नाही. मिठाची फेरी होती, कच्छातली. मे महिना. क्लच प्लेट जळाली आणि क्लीनर झोपलेला होता, त्याला उठवून तो म्हणाला, तू थांब, मी जवळचं गाव बघून येतो. क्लीनर वाचला. मी गेलो होतो ट्रक आणायला. केबिनच्या मागे पाण्याचा कॅन होता, वीस लिटरचा, निम्म्याहून जास्त भरलेला. मी तो हलवून बघितला. तेवढ्या पाण्यात दोघे दोन दिवस बसून राहिले असते आणि तिसऱ्या दिवशी मिठाचे ट्रक तिथून जाणारच होते. तो काही अडाणी नव्हता. माझ्यापेक्षा हुशार ड्रायव्हर होता, शांत डोक्याचा. त्याला वाटलं आपण काही तरी केलं पाहिजे. तुलाही तेच वाटलं. घरात हे एकाच रक्तात आहे, बंद गाडीपाशी गप्प बसवत नाही.

म्हणून फोनवर ओरडलो.

तू आता लहान नाहीस. घर चालवतेस, तिथल्या हॉस्पिटलात रात्रपाळ्या करतेस, लोकांचे जीव सांभाळतेस. बापाने किती बोलावं याला हद्द आहे आणि ती मी परवा ओलांडली. आई म्हणते, पोरगी सुखरूप बर्ड्सव्हिलला पोहोचली, त्या शेवटच्या चाळीस मीटरच्या टेकडीवरून शॉकअपशिवाय उतरली, आता कशाला उकरून काढताय. बरोबर आहे तिचं.

पण तू म्हणालीस पुढच्या वर्षी मॅडिगन लाइन करायची. ती मी नकाशावर बघितली. 1939 साली मॅडिगन उंट घेऊन गेले त्या मार्गाने, फ्रेंच लाइनच्याही उत्तरेला. तिथे वर्दळ आणखी कमी. फ्रेंच लाइनवर निदान त्या मोसमात दिवसाला चार गाड्या भेटतात. जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. म्हटलं तरी तू जाशील, आणि गेली नाहीस तर मला वाईट वाटेल, हेही खरं. तुझ्या आईसमोर हे बोलत नाही.

जाणार असशील तर माझं एवढं ऐक. सॅटेलाइट फोन दोन्ही गाड्यांत वेगवेगळा. एकच घेण्यापुरते पैसे असतील तर दुसऱ्याचे मी पाठवतो, गॅरेजची जागा भाड्याने दिल्यापासून हातात थोडे राहतात. मदत मागायचं ते छोटं यंत्र, बटण दाबलं की उपग्रहाला कळतं ते, गाडीच्या कप्प्यात नको, प्रत्येकाच्या कमरेला. मागची गाडी आरशात दिसेनाशी झाली की पुढच्याने थांबायचं, माथ्यावर थांबायचं, आणि दिसेपर्यंत हलायचं नाही. तुमच्या वेळी चूक पुढच्या गाडीची होती, तुझी नव्हे, हे मी आईलाही सांगितलं. पाणी माणशी रोज दहा लिटर धर. आणि रात्री तिकडे आठ वाजले की दादाला दोन शब्दांचा निरोप, आपल्याकडे तेव्हा चार वाजलेले असतात, मी दुकानात त्याच्याकडेच असेन.

बाकी बंद पडली तर पडू दे. ॲक्सल मोडू दे, इंजिन जळू दे, गाडी तिथेच टाकून यावी लागली तरी येऊ दे. गाडीचे पैसे मी भरेन. फक्त मदत येईपर्यंत तिच्यापाशी बस. सावलीत, झेंडा वर करून. चहा करून प्या. तू लिहिलंस त्याप्रमाणे फ्लाइंग डॉक्टरवाल्यांची विमानं तिकडे 1928 पासून उडतात. त्यांना विमानातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

पुन्हा तेच लिहिलं. असू दे.

जावईबापूंना नमस्कार. तुझ्या मैत्रिणीचा पाय कसा आहे ते कळव. आईने मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी बांधून ठेवली आहे, पाटलांचा मुलगा महिनाअखेर येतोय त्याच्याबरोबर देते.

तुझा,
नाना

ता. क. – नवा शॉकअप एकच बसवू नकोस. मागची जोडी एकदम बदल, आणि पुढचे दोन्ही काढून उभे धरून दाबून बघ. गॅसचे असून दांडा आपोआप वर आला नाही, किंवा दाबताना मधेच सैल लागला, तर तेही गेले समज. वरच्या रबरी बुशांचे फोटो पाठव, जवळून काढलेले.