काका, मी फिल्म नाही, पाणी मोजत होते

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये आभाराच्या पानावर मी तुमच्यासाठी "प्रयोगशाळा कर्मचारी" एवढे दोनच शब्द लिहिले. ते मनाला लागून राहिलंय, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

पोळ्याच्या आठवड्यात दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमधून माझ्या प्लास्टिकच्या पातळ फिल्म आल्या होत्या. त्यांतून वीज किती वाहते ते मला मोजायचं होतं. कॅप्टॉन, म्हणजे पॉलिइमाइड नावाचं प्लास्टिक. कोरा तुकडा मधासारखा पिवळा, आर्गॉन आयनांचा (विद्युतभार असलेल्या अणूंचा) मारा झालेला काळपट, चकाकी असलेला. आयन आदळले की प्लास्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्यांतले बंध तुटतात, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन वायू होऊन निघून जातात आणि मागे कार्बनची बेटं उरतात. इलेक्ट्रॉन या बेटावरून त्या बेटावर उड्या मारत जातात, म्हणून वीज वाहू लागते. हे सगळं मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ थरात. खालची फिल्म होती तशीच.

कोऱ्या कॅप्टॉनची रोधकता, म्हणजे वीज अडवण्याचा गुण, सुमारे १० चा १७ वा घात ओम-सेंटिमीटर. मिलियन मेगोहम मीटरचा, म्हणजे प्रचंड मोठा रोध मोजणाऱ्या यंत्राचा, काटा अनंतावरून हलायलाच नको होता. माझा हलायचा, आणि दर वेळी वेगळा. सहा दिवस मी तारा जोडायचे सिल्व्हर पेस्टचे ठिपके पुसून पुन्हा लावत बसले. सातव्या दिवशी दारव्ह्याकडे पावसाची झड लागली होती. तुम्ही बीकर धुता धुता म्हणालात, "पोरी, कापूस ओला असला तं काट्यावर वजन कापसाचं भरते का पान्याचं? तू फिल्म मोजून राह्यली का पानी?"

खरेदी केंद्रावर ८ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की भाव कापतात आणि १२ च्या वर कापूसच घेत नाहीत, हे ज्याच्या घरच्या बोऱ्यांनी भोगलंय त्यालाच हा प्रश्न सुचतो. पृष्ठभागावरच्या दमटपणाचा थर कोऱ्या फिल्मपेक्षा कितीतरी चांगला वाहक असतो. माझ्या बोटांचा घाम त्यात भर घालत होता.

मग तुम्ही ओलावा शोषून गुलाबी पडलेले सिलिका जेलचे दाणे ओव्हनमध्ये निळे होईस्तोवर तापवले. लोणच्याच्या बरणीएवढी काचेची बरणी शोधली, रबरी बुचातून दोन तारा काढल्या, फटी एम-सीलने बुजवल्या. झाकणाला हात लावू दिला नाही रात्रभर. सकाळी कोऱ्या फिल्मवर काटा हलला नाही. मारा झालेला तुकडा मात्र साध्या मल्टिमीटरवर मोजता आला. माझ्या प्रोजेक्टमधला एकूण एक आकडा त्या सकाळनंतरचा आहे.

दोन्ही तुकडे अजून त्याच बरणीत आहेत ना? दाणे पुन्हा गुलाबी झाले असतील. दिवाळीत येतेय, तेव्हा मी तापवते, तुम्ही नुसतं बसा.

तुमची,
खिडकीजवळच्या टेबलावरची पोरगी