खांदेरीच्या लढाईचे दालन: लाकूड, कारागीर आणि निधीसाठी आवाहन

थळ परिसरातील सर्व ग्रामस्थ, नाखवे, मुंबईकर चाकरमानी आणि इतिहासप्रेमी यांस,

आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत थळसमोरच्या खांदेरी बेटासाठी 1679 मध्ये शिवाजी महाराजांचे आरमार आणि इंग्रज यांच्यात झालेल्या लढाईचे कायमस्वरूपी दालन उभे करायचे ठरले आहे. त्यात दोनच वस्तू असतील: गलबताची 180 सेंटिमीटर लांबीची लाकडी प्रतिकृती आणि मांडवा ते अलिबाग या समुद्राचा उठावाचा (उंच-सखलपणा दाखवणारा) नकाशा. पुतळे, धुराचे दिवे, तोफांचे ध्वनिमुद्रण यांवर खर्च करायचा नाही, हे समितीत बहुमताने मान्य झाले आहे. (एकमताने नाही, हेही सांगून टाकतो.)

या दोन वस्तूच का, ते लढाईतूनच कळते. ऑगस्ट 1679 मध्ये महाराजांचे आरमारी अधिकारी मायनाक भंडारी दीडशे माणसांनिशी खांदेरीवर उतरले आणि तटाचे काम सुरू झाले. मुंबईच्या तोंडावर किल्ला होतोय म्हटल्यावर इंग्रजांनी आधी शिबाडे (शिडाची मालवाहू जहाजे) आणि मग रिव्हेंज ही फ्रिगेट (तोफांचे युद्धजहाज) पाठवली. 19 सप्टेंबरला बेटावर उतरू पाहणारा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. 18 ऑक्टोबरला महाराजांचा आरमारप्रमुख दौलतखान याचे आरमार पहाटे किनाऱ्याकडून चालून आले. ते इतक्या वेगाने आले की इंग्रजांना नांगर उचलायलाही जेमतेम वेळ मिळाला. इंग्रजांची डव्ह ही गुराब (गलबतापेक्षा मोठे लढाऊ जहाज) आपल्या हाती आली. रिव्हेंज मात्र टिकली, आपली काही गलबते बुडाली आणि आरमार मागे फिरले. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या चित्रांत त्या दिवशी इंग्रजांचे सगळे आरमार बुडालेले दिसते. आमच्या फलकावर तसे लिहिले जाणार नाही. खरा निकाल लागला तो रात्रींत. उथळ तळाची गलबते अंधारात, वल्ह्यांवर, वेढ्यातून निसटून बेटावर माणसे आणि सामान पोचवत राहिली, आणि जड जहाजांना त्यांचा पाठलाग करता आला नाही. नोव्हेंबरात जंजिऱ्याचा सिद्दी कासम इंग्रजांच्या मदतीला आला, तरी तट चढतच राहिला. जानेवारी 1680 मध्ये इंग्रजांनी वेढा उठवला. सिद्दीने शेजारचे उंदेरी बेट बळकावले, पण खांदेरी स्वराज्यात राहिली.

हे समजावून द्यायचे तर नकाशात पाण्याची खोली दिसली पाहिजे. 8 × 4 फुटांच्या प्लायवर 1 : 10,000 प्रमाणात समुद्र मांडू आणि खोली दहापट वाढवू, म्हणजे 10 मीटर पाणी 1 सेंटिमीटर खाली दिसेल. ती न वाढवता केलेल्या नकाशात तळ सपाट दिसतो आणि सगळा मुद्दाच हरवतो. खोलीचे आकडे देहरादूनच्या राष्ट्रीय जलालेखन कार्यालयाच्या नकाशावरून रीतसर परवानगीने घेऊ. खडकांच्या जागा मात्र आमच्या तांडेलांकडून (होड्यांच्या प्रमुखांकडून) तपासून हव्यात: कुठला खडक ओहोटीला उघडा पडतो, कुठून भांगालाही (भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हाही) होडी निघते, पहाटेचा मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा) वारा कुठवर साथ देतो. एक बारकावा असा, की इंग्रजी नोंदींतल्या तारखा जुन्या पंचांगाच्या आहेत. 18 ऑक्टोबर म्हणजे आजच्या हिशेबाने 28 ऑक्टोबर, वद्य अष्टमी-नवमीच्या सुमारास. तेव्हा उधाण नव्हते, भांग होता. दहा दिवसांचा फरक विसरला तर भरती-ओहोटीचे सगळे गणित उलटे पडते.

गलबताचे काम जास्त अवघड आहे. बाजारात मिळणारे जहाजांचे संच युरोपीय बांधणीचे असतात: गोल नाळ (जहाजाचे पुढचे टोक), उंच मागची बाजू, दोन्ही कुशींना तोफांच्या खिडक्या. त्यातले काहीही चालणार नाही. गलबत अरुंद, निमुळते, उथळ. दोन डोलकाठ्या, तिरक्या परबाणावर (शीड बांधायच्या वाशावर) तिकोनी शीड, दोन्ही बाजूंना वल्ही आणि पुढच्या टोकाशी हलक्या तोफा. प्रतिकृती 1 : 10 ची. तिच्यासाठी लागेल ते असे:

• जुना, पूर्ण सुकलेला साग, 2 घनफूट. घर पाडताना निघालेले वासे-तुळया उत्तम. ओला साग नको. त्याचा पठाण (गलबताच्या तळाचा कणा) पिळवटतो आणि दुसऱ्या उन्हाळ्यात फळ्यांच्या फटी उघडतात.
• 12 मिमीचे मरीन प्लाय, 2 तक्ते (आतल्या 15 सांगाड्यांसाठी).
• 5 मिमी जाड, 25 मिमी रुंद, 2 मीटर लांब अशा 40 पट्ट्या कापून देणारी वखार. प्रत्यक्षात 26 लागतील. नाळेकडे वळवताना काही मोडणारच.
• तांब्याचे बारीक खिळे आणि इपॉक्सी. साधा पांढरा गोंद आमच्या पावसाळ्यात मऊ पडतो, लोखंडी खिळा सागाला काळे डाग पाडतो.
• मांजरपाट 4 मीटर आणि पीळदार सुती दोरा 1, 1.5 व 2 मिमी. नायलॉन चमकते आणि सैल पडते.
• पितळी तोफा 6, प्रत्येकी 12 सेंमी, लेथवर काढलेल्या. वल्ही 40, प्रत्येकी 55 सेंमी.

होड्या बांधणारा एक मिस्त्री आणि एक मदतनीस यांचे 30 दिवस लागतील. फर्निचरचा सुतार कितीही कसबी असला तरी या कामाला उपयोगी नाही. नाळेशी प्रत्येक पट्टी निमुळती करावी लागते, नाहीतर ती वर चढते आणि दोन्ही कुशी सारख्या येत नाहीत.

अंदाजी खर्च: साग व प्लाय 24,000 रुपये, मजुरी 60,000, खिळे-गोंद-कापड-दोरा-पितळ 11,000, काचेची पेटी 40,000, नकाशा 25,000, फलक व वीज 20,000. एकूण 1,80,000. जमा 65,000, हवेत 1,15,000. पेटी हवाबंद करायची नाही. खाली-वर जाळीच्या फटी ठेवायच्या, नाहीतर शिडाला बुरशी येते. दिवेही पेटीबाहेरच राहतील.

वस्तू देणाऱ्यांसाठी एक विनंती: खांदेरी-उंदेरीवरून उचललेले दगड, विटा, तोफगोळे आणू नयेत. खांदेरी राज्य पुरातत्त्व संचालनालयाकडे संरक्षित आहे आणि 2025 पासून जागतिक वारसा यादीतल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक आहे. घरच्या जुन्या होडीची परबाणाची कप्पी, सुकाणू, नांगर, वाडवडिलांच्या बांधणीच्या मापांची वही असेल, तर ती आम्ही मोजून, छायाचित्र काढून परत करू.

लाकूड जानेवारीअखेर हाती आले पाहिजे, कारण चिकटवण्याचे आणि तेल लावण्याचे काम एप्रिलपर्यंत संपले नाही तर हवा दमट होते आणि तेल वाळत नाही. रोख रक्कम वाचनालयाच्या वेळेत, सही-शिक्क्याची पावती घेऊनच द्यावी. दारावर लावलेल्या क्यूआरवरून पैसे पाठवल्यास नाव आणि गाव लिहावे. आयकर सवलतीचे प्रमाणपत्र आमच्याकडे नाही. साग आणणाऱ्यांनी आधी मापे कळवावीत. तीन फुटांहून लहान तुकडे पठाणाला चालत नाहीत, पण वल्ह्यांसाठी घेऊ.