कॉमिक मागच्या पेटीत नको, बाकावर हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांच्या वाचनाविषयी आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेले काही दिवस जी चर्चा चालू आहे, तीत सुपरहिरोंच्या कॉमिक्सचा उल्लेख दोनच प्रकारे झालेला दिसला. काहींच्या मते ती वर्गात येताच कामा नयेत. आणि जे त्यांची बाजू घेतात, तेही ‘आधी वाचनाची गोडी तर लागू द्या, मग मुले खऱ्या पुस्तकांकडे वळतील’ एवढेच म्हणतात. वर्गात बसून, चौकटीमागून चौकट घेत, प्रश्न विचारत शिकवण्याजोगे हे वाचनसाहित्य आहे, असे मात्र कोणी म्हटलेले नाही. नोकरीची सगळी वर्षे भाषा शिकवण्यात घालवलेली शिक्षिका म्हणून मला तेच म्हणायचे आहे.

आधी माझी चूक सांगते. माझ्या वर्गात मागच्या भिंतीला कॉमिक्सची एक पेटी असे आणि ज्याचे वर्गकाम आधी पुरे होईल त्याने त्यातला एक अंक घ्यावा, असा नियम होता. कितीतरी वर्षे मला तो फार सोयीचा वाटला. पुढे लक्षात आले की पेटीपाशी रोज तीच पाच-सहा मुले जातात, ज्यांनी कॉमिक नसते तरी हाती लागेल ते वाचून काढले असते. आणि ज्याला एकेक ओळ वाचताना घाम फुटतो, ज्याला चित्राच्या आधाराची सर्वांत जास्त गरज आहे, त्याचे काम कधीच वेळेत होत नसल्यामुळे त्याचा हात पेटीपर्यंत पोचलेलाच नाही. हे समजायला मला इतका काळ लागावा, याची आजही लाज वाटते.

कॉमिक म्हणजे सोपी, पातळ भाषा, ही समजूत तर मुळातच तपासून पाहण्यासारखी आहे. डोनाल्ड हेझ आणि मार्गारेट अ‍ॅरेन्स या संशोधकांनी १९८८ मध्ये वेगवेगळ्या प्रकारच्या इंग्रजी मजकुरांत दर हजार शब्दांमागे क्वचित भेटणारे शब्द किती येतात, याची मोजणी प्रसिद्ध केली. मुलांच्या पुस्तकांत ते प्रमाण ३०.९ होते, प्रौढांसाठीच्या पुस्तकांत ५२.७ आणि कॉमिक्समध्ये ५३.५; पदवीधरांच्या आपापसातल्या बोलण्यात ते अवघे १७.३ भरले. त्याहून कितीतरी आधी, १९४१ मध्ये, मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट थॉर्नडाइक यांनी सुपरमॅन आणि बॅटमॅनच्या अंकांतले शब्द मोजले होते. थॉर्नडाइक त्याच प्रकाशकांच्या सल्लागार मंडळावरही होते, तेव्हा त्यांच्या मोजणीकडे जरा सावधपणेच पाहावे, हे सांगितलेले बरे. शिवाय शब्द डोळ्यांखालून गेला म्हणजे तो आला, असे होत नाही. जुन्या अंकांतले बरेच अवघड शब्द निवेदकाच्या अलंकारिक, काहीशा नाटकी भाषेतून येतात आणि निवेदनाच्या त्या चौकटी तर मुले सर्वांत आधी गाळतात. संवादांचे फुगे वाचतात, चित्रे पाहतात, पान उलटतात. शिक्षकाची गरज नेमकी इथे आहे.

उदाहरणादाखल १९६२ च्या ऑगस्टचा ‘अमेझिंग फँटसी’चा १५ वा अंक घ्यावा. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांनी त्यात स्पायडरमॅनची पहिली गोष्ट अवघ्या ११ पानांत सांगितली आहे. पळणाऱ्या चोराला अडवणे सहज शक्य असताना पीटर पार्कर, म्हणजेच स्पायडरमॅन, बाजूला उभा राहतो, चोर निसटतो, आणि पुढे एका रात्री पीटर घरी येतो तेव्हा काकांचा खून झाल्याचे पोलीस त्याला सांगतात. ही गोष्ट वाचून झाल्यावर मी अंक मिटायला सांगत असे आणि विचारत असे : खून कोणत्या चौकटीत दाखवला आहे? दरवेळी निम्मा वर्ग ठामपणे सांगे की आम्ही तो पाहिला. एकाला गोळी झाडणारा हात आठवे, दुसऱ्याला खाली कोसळणारे काका. मग अंक उघडायचा आणि शोधायचे. खून कुठेच नाही. तो दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्टीत झालेला असतो आणि तो तिथे घडवलेला असतो वाचणाऱ्याने. न लिहिलेले ओळखणे, दोन गोष्टींमधला दुवा स्वतः जोडणे, ज्याला आपण आकलन म्हणतो आणि जे शिकवताना आपल्या नाकी नऊ येतात, ते मुलाने नकळत केलेले असते. ते त्याला फक्त दाखवून द्यावे लागते. गद्यातली अशी रिकामी जागा दुबळ्या वाचकाला दिसतच नाही. कॉमिकमध्ये तिच्यावर बोट ठेवता येते.

त्याच गोष्टीचा शेवट आणखी एका कारणाने माझ्या आवडीचा आहे. मोठ्या सामर्थ्याबरोबर मोठी जबाबदारीही येते, हे वाक्य आज मुलांना तोंडपाठ असते आणि ते काकांनीच पुतण्याला ऐकवले, याविषयी चित्रपट पाहिलेल्या कोणाच्याही मनात शंका नसते. मूळ अंकात ते काका म्हणत नाहीत. शेवटच्या चौकटीत अंधारात विरत जाणारी एक आकृती आहे आणि ते शब्द निवेदकाचे आहेत. यावरून वर्गात जो वाद होई, तो मिटवायला मी कधी मध्ये पडले नाही. ‘कुठे लिहिले आहे ते दाखव’ एवढेच म्हणत असे. मग ज्या निवेदनाच्या चौकटी आधी गाळल्या होत्या, त्या मुले शब्द न् शब्द वाचून काढत.

विज्ञानाच्या शिक्षकांनाही यात वाटा आहे. १९३८ च्या जूनमधल्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात जेरी सीगल आणि जो शूस्टर यांचा सुपरमॅन अवतरला, तेव्हा त्याला उडता येत नव्हते, तो फक्त एक अष्टमांश मैल, म्हणजे सुमारे २०० मीटर, उडी मारू शके. त्याच्या ताकदीचे शास्त्रीय स्पष्टीकरणही पहिल्याच पानावर दिले आहे : मुंगी स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट भार पेलते आणि नाकतोडा त्याच्या मानाने प्रचंड उडी मारतो, मग हे अशक्य का मानावे? हे वाचून घ्यावे आणि मुलांनाच तपासायला सांगावे. मुंगी लांबीला शंभर पट वाढवली, तर स्नायूंची ताकद त्यांच्या छेदाच्या क्षेत्रफळाप्रमाणे दहा हजार पट वाढेल, वजन मात्र घनफळाप्रमाणे दहा लाख पट. म्हणजे तिची मिजास तिथेच संपली. छापलेला युक्तिवाद खोडून काढण्याचा आनंद पाठ्यपुस्तक मुलांना सहसा देत नाही.

कॉमिक्सने मुले बिघडतात, या भीतीलाही इतिहास आहे. अमेरिकेत १९५४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रेड्रिक वर्थम यांनी बालगुन्हेगारीचा संबंध कॉमिक्सशी जोडला, सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच आचारसंहिता लादून घेतली. वर्थम यांची कागदपत्रे पुढे अभ्यासकांना खुली झाली, तेव्हा त्यांनी मुलांच्या मुलाखतींमध्ये फेरफार केल्याचे संशोधक कॅरोल टिली यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले. तोपर्यंत त्या आरोपांवर अर्धशतकाहून अधिक काळ विश्वास ठेवला गेला होता.

याचा अर्थ जुने अंक निर्मळ आहेत असा नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या अंकांत जपान्यांची चित्रे इतकी हिणकस आहेत की त्यांतले बरेचसे मी लहान मुलांपुढे मुळीच ठेवणार नाही. वंडर वूमनसारखी पराक्रमी नायिका १९४२ मध्ये नायकांच्या मंडळात येते, ती चिटणीस म्हणून. पुरुष मोहिमेवर जातात आणि ती बहुतेक वेळा इतिवृत्त लिहीत मागे राहते. हे मात्र मी मुद्दाम वाचायला देईन, अंकावरचे साल फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून. तेराव्या-चौदाव्या वर्षीच्या मुलींना त्यावर काही शिकवावे लागत नाही.

अंक निवडून घ्यावेत, दोघांत एक असे बाकावर ठेवावेत आणि एका तासाला दोन पानांहून पुढे जाऊ नये, एवढेच माझे अनुभवाचे म्हणणे. मूळ इंग्रजी अंकांतला मजकूर सगळाच कॅपिटल अक्षरांत असल्याने नवशिक्या वाचकाला तो आरंभी जड जातो. पहिली काही पाने मोठ्याने वाचून दाखवली की ती अडचण सरते.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना मात्र एक विनंती आहे. जे परीक्षेत येत नाही ते वर्गात टिकत नाही, हे आपण सगळे जाणतो. अपठित उताऱ्याच्या जागी एकदा तरी कॉमिकचे एक पान द्यावे आणि खाली एकच प्रश्न घालावा : तिसऱ्या आणि चौथ्या चौकटीच्या मध्ये काय घडले, आणि ते तुम्हाला कशावरून कळले?

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त भाषाशिक्षिका