लायसन्स बघा, गॅलरी कशाला?

महोदय,

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाच्या सुमारास माझ्या मुलाची दुचाकी नाकाबंदीत अडवली. हेल्मेट डोक्यावर होतं, लायसन्स डिजिलॉकरमध्ये. ते दाखवायला त्याने मोबाइल उघडून पुढे केला, तर हवालदारांनी तो हातातच घेतला. लायसन्स बघून झालं. मग व्हॉट्सॲप, मग फोटो. ‘लपवायचं काही नाही ना, मग घाबरतोस कशाला?’ सापडलं काहीच नाही. पण आजीच्या दुखण्याबद्दल तो बहिणीशी जे बोलला होता, ते एका परक्या माणसाने रस्त्यावर उभं राहून वाचलं.

ऑक्टोबर २०२१ मध्ये हैदराबादचे पोलीस लोकांना थांबवून त्यांच्या चॅटमध्ये ‘गांजा’ शोधतानाचे व्हिडिओ फिरले होते. तेव्हा आम्ही ते बघून पुढे सरकवले, इतकंच.

तपासात वॉरंटशिवाय घराची झडती घ्यायची, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ प्रमाणे अधिकाऱ्याला आधी कारणं लिहून ठेवावी लागतात. त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावी लागते. कलम १०५ ने झडतीचं चित्रीकरणही आलं. पंच आणि पंचनामा तर जुनेच. कपाटातल्या चार साड्या उलटवायला एवढे सोपस्कार, आणि मोबाइलला नुसतं ‘दाखव बघू’?

सायबर फसवणुकीच्या तपासात मोबाइल लागतोच, हे कबूल. त्यासाठी कलम ९४ आहे, त्यात संपर्काची उपकरणंही स्पष्ट आली आहेत. पण तिथेसुद्धा न्यायालयाचं समन्स किंवा ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा लेखी आदेश हवा. अमेरिकेत अटक झालेल्या माणसाचाही मोबाइल एरवी वॉरंटशिवाय चाळता येत नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये एकमताने दिला. आपल्याकडे खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्येच सांगितलं. डिजिटल उपकरणांच्या जप्तीसाठी मार्गदर्शक तत्त्वं आखा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये केंद्राला बजावलं आणि तोवर केंद्रीय यंत्रणांनी सीबीआयची नियमपुस्तिका पाळावी, असं ठरलं. नाक्यावरचा हवालदार काही केंद्रीय यंत्रणा नव्हे.

गृह खात्याने एक साधं परिपत्रक काढावं: नाकाबंदीत कागदपत्रं बघताना मोबाइल चालकाच्याच हातात राहील. त्यापलीकडे काही बघायचं असेल, तर लेखी आदेश दाखवावा लागेल. तोवर आमच्या चिरंजीवांनी लायसन्सचं कार्ड पुन्हा पाकिटात ठेवलं आहे.

— एक वाचक, कराड