संगणक उघडण्यापूर्वी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

संगणकाची रॅम तू स्वतःच वाढवणार आहेस, हे वाचून आनंद झाला. मात्र नागपूरची थंडीतली हवा कोरडी असते आणि अशा हवेत अंगावर स्थिर वीज सहज साठते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

या विजेचा दाब साधारणपणे ३००० व्होल्टच्या आसपास पोहोचल्यावर बोटाला झटका जाणवतो. काही नाजूक चिपांना मात्र १०० व्होल्टसुद्धा भारी पडतात. म्हणजे ठिणगी दिसली नाही, झटका बसला नाही, तरी चिपमधल्या ट्रान्झिस्टरमधला, म्हणजे विजेच्या सूक्ष्म स्विचमधला, जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा विद्युतरोधक थर फुटलेला असू शकतो. तो पुरता फुटला तर निदान लगेच कळते. अर्धवट दुखावला, तर संगणक सुरू होतो, काही आठवडे नीट चालतो आणि मग अधूनमधून बंद पडू लागतो. असा दोष शोधणे फार जिकिरीचे असते.

तू, कॅबिनेट आणि हातातली रॅम यांच्यात विद्युत दाबाचा फरक राहू द्यायचा नाही, हेच मुख्य सूत्र. प्लग काढ आणि पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धर, म्हणजे बोर्डावर उरलेली वीज निघून जाईल. काही जण अर्थिंगसाठी प्लग लावूनच ठेवतात, पण जुन्या इमारतींत तिसऱ्या पिनला अर्थिंग असेलच याची खात्री नसते, म्हणून मला ते पटत नाही. मनगटाचा अँटिस्टॅटिक, म्हणजे अंगावरची स्थिर वीज वाहून नेणारा, पट्टा बाहीवर न बांधता थेट कातडीवर बांध आणि त्याची क्लिप कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला लाव. त्याच्या तारेत एक मेगाओहमचा रेझिस्टर असतो. चुकून विजेला स्पर्श झालाच, तर अंगातून जाणारा प्रवाह तो अत्यल्प ठेवतो. म्हणून नुसती तार मनगटाला गुंडाळून पट्ट्याचे काम कधीही भागवू नकोस.

रॅम अगदी शेवटी पिशवीतून काढ, कडांनीच धर, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नकोस. थर्माकोल आणि प्लॅस्टिक टेबलावरून दूर ठेव. ब्लँकेटवर बसून हे काम करू नकोस. पॉवर सप्लायचा डबा मात्र मुळीच उघडायचा नाही, त्यातले वीज साठवून ठेवणारे कपॅसिटर प्लग काढल्यावरही जिवावर बेतू शकतात.

पट्टा आजच कुरियरने पाठवला आहे. तो हाती पडेपर्यंत थांबलास तर मला बरे वाटेल.

तुझे,
बाबा