तीन मिलिमीटरची सर्दी

गंगापूर रोड, नाशिक
रविवार, दुपार

प्रिय अव्या,

परवा फोनवर म्हणालास, "तबकडीची बाजू संपत आली की गायकाला सर्दी होते." फोन ठेवल्यावर मी बराच वेळ हसत होतो, कारण हीच सर्दी माझ्याकडे दोन आठवडे मुक्कामाला होती. फोनवर सांगायला लागलो की तू "बरं बरं" करून विषय बदलतोस, म्हणून हे पत्र.

बोनसच्या पैशांत जुना रेकॉर्ड प्लेअर, टेक्निक्स एसएल-१२०० मार्क टू, घेतला, हे तुला ठाऊक आहेच. विकणारा छातीठोकपणे म्हणाला, "साहेब, सगळं सेट आहे, फक्त वायर जोडा." जोडली. पहिला मान गायक द. वि. पलुस्करांना. १९२१चा जन्म, तोही आपल्या नाशिकातला, म्हणजे हक्कच त्यांचा. सुरुवातीचा आवाज असा लख्ख की मंजूसुद्धा ओट्यापासून बाहेर आली. आणि सुई लेबलाजवळ पोचली तसा 'स'चा 'श्श' झाला, पेटी कुरकुरायला लागली.

मी संशय घेतला तो उंचीवर. या प्लेअरला टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याच्या, बुडाशी एक कडं असतं, त्यावर ० ते ६ मिलिमीटरच्या खुणा. लॉक सोडायचा आणि फिरवायचं. टूलरूममधल्या माणसापुढे आकडे कोरलेलं कडं ठेवल्यावर तो दुसरीकडे बघेल का? रोज जेवणं झाली की अर्धा मिलिमीटर वर, नाहीतर अर्धा खाली. वर नेलं की आवाज चिरका, खाली आणलं की घोंगडी पांघरल्यासारखा. म्हणजे मला तसा वाटायचा. मंजूला डोळे मिटून बसवलं आणि न सांगता कडं फिरवलं, तर तिचा तिन्ही वेळा एकच निकाल: "सारखंच आहे. आता झोपायचं का?"

मग कागदावर हिशेब मांडला आणि स्वतःचीच लाज वाटली. बुडापासून सुईच्या टोकापर्यंत आर्मची लांबी २३० मिलिमीटर. म्हणजे उंची एक मिलिमीटरने बदलली तर सुईचा कोन जेमतेम पाव अंश हलतो. जाड १८० ग्रॅमची एलपी आणि साधी एलपी यांच्या जाडीतला फरक तर एक मिलिमीटरही नसतो. प्रत्येक तबकडीला कडं फिरवणारे लोक आहेत म्हणे. असोत बापडे.

खरी भानगड आडवी होती. तबकडी कापणारं यंत्र सरळ रेषेत आत सरकतं, आपला आर्म मात्र दारासारखा बिजागरीवर फिरतो. त्यामुळे सुई तबकडीवरच्या रेघेला बरोबर समांतर येते ती अख्ख्या बाजूवर फक्त दोन ठिकाणी. कार्ट्रिज (सुई असलेली डबी) हेडशेलमध्ये, म्हणजे आर्मच्या टोकावरच्या खोबणीत, किती पुढे बसवलंय त्यावर ही दोन ठिकाणं ठरतात. टेक्निक्सने माप दिलंय, हेडशेलच्या रबरी वॉशरपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर. मी कंपनीतून व्हर्नियर, बारीक मापं घ्यायचं साधन, आणला. भरले ४९.

तीन मिलिमीटर! उंचीत हे तीन मिलिमीटर पाऊण अंशाचे. पुढे-मागे मात्र लेबलाजवळच्या रेघांवर जवळजवळ तीन अंशांची चूक. आणि आत चूक झाकतही नाही. फेरे मिनिटाला ३३⅓च, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला ५१ सेंटिमीटर रेघ सरकते, लेबलाजवळ फक्त २१. तेवढंच गाणं निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं. तुझ्या गायकाची सर्दी ती हीच असणार.

दुरुस्ती करताना जीव गेला होता माझा. कार्ट्रिजमध्ये चुंबक असतो हे मला पाठ आहे, तरी स्टीलचा व्हर्नियर सुईजवळ नेला आणि तो हातातून खेचला गेला. सुई वाचली, नशीब. तू प्लॅस्टिकची पट्टी घे आणि सुईवरचं कव्हर शक्य तितका वेळ काढू नकोस. दुसरं म्हणजे शेवटचा स्क्रू आवळताना कार्ट्रिज हळूच तिरकं होतं. दोन्ही स्क्रू आलटून पालटून, पाव-पाव फेरा. मला चार वेळा सोडून बांधावं लागलं.

तुझ्या बाबांच्या प्लेअरचं माप वेगळं असणार, तेव्हा ५२ धरून बसू नकोस. दोन बिंदूंचा प्रोट्रॅक्टर, म्हणजे कार्ट्रिज जुळवायचा कागदी नमुना, छापून घे. झेरॉक्सवाला पानात मावेल असं करून छापतो, म्हणून छापल्यावर पट्टीने ताडून बघ. बिंदू मधल्या खुंटीपासून ६६ आणि १२१ मिलिमीटरवर हवेत. मग सुईचं तबकडीवरचं वजन. माझं ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई कार्ट्रिज दोन ग्रॅमवर चालतं, तुझ्या कार्ट्रिजचं त्याच्या कागदावर बघ. दोनशे-तीनशेतला छोटा डिजिटल काटा पुरतो. उंची सगळ्यात शेवटी. आडव्या रेघा आखलेलं कार्ड तबकडीवर आर्मच्या मागे उभं धर आणि आर्मची नळी कार्डावरच्या रेघेला समांतर दिसेपर्यंत आर्म वर-खाली कर. तुझ्या प्लेअरला ती सोयच नसली तरी हळहळू नकोस. जुनी गोल टोकाची सुई असेल तर या कोनाचं तिला फारसं सोयरसुतक नसतं. उंची हलवलीस तर वजन आणि पुढे-मागचं माप मात्र पुन्हा तपास.

हे सगळं करण्याआधी सुई पूस, मागून पुढे, मऊ ब्रशने. आमच्याकडे २०२७च्या सिंहस्थासाठी रस्ते उकरून ठेवलेत, एका बाजूत सुईवर बोंडाएवढी धूळ जमते. निम्मी सर्दी तिथेच निघाली तर मला फोन करून हे पत्र फुकट गेलं म्हणून सांग.

काल रात्री तीच बाजू शेवटपर्यंत ऐकली. 'स' आता 'स' आहे. मंजू म्हणाली, "आज फरक आहे." कडं कुठल्या आकड्यावर ठेवलं होतं, ते सकाळी बघितलं. घेतला त्या दिवशी होतं तिथेच.

सुट्टीत येशील तेव्हा बाबांच्या एलपी आण. गाडीत उभ्या ठेव, आडव्या रचू नकोस.

तुझा,
रम्या